साबुदाणा, तुरटी आणि पेप्टाइडचं जेल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



समितीने मला दोन अटी घातल्या. एक, तू जे काम करतेस ते आम्हाला समजेल असं सांग. दोन, साडेआठला संपव, कारण नंतर जेवण आहे. दुसरी अट जास्त कडक आहे हे मला माहीत आहे, म्हणून थेट विषयाकडे येते.

मी पेप्टाइडच्या जेलवर काम करते. लिफ्टमध्ये कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे केसांना लावतात ते?" नाही. हे जेल लशीसाठी आहे. लशीतला औषधी भाग शरीरात कसा न्यायचा, तिथे तो किती दिवस ठेवायचा आणि कोणत्या रूपात दाखवायचा, यासाठी. लस म्हटलं की आपण विचारतो, "तिच्यात काय आहे?" तिच्यातला माल शरीरात गेल्यावर किती दिवस मुक्काम करतो, हे आपण विचारत नाही. पण बऱ्याचदा सगळा खेळ तिथेच ठरतो.

ही गोष्ट सुरू होते साबुदाण्यापासून. गंमत नाही, खरंच. शंभर वर्षांपूर्वी घटसर्पाने, म्हणजे डिप्थेरियाने, लहान मुलं मरत असत. त्यावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून काढायचे. घोड्याला जंतूचं विष टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात, ती काढून आजारी मुलाला द्यायची. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले गास्तों रामों हे काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की ज्या घोड्यांना टोचलेल्या जागी गळू होतं, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं जास्त सापडतात. मग त्यांनी मुद्दाम सूज आणायचं ठरवलं. लशीत पावाचा चुरा घालून पाहिला, टॅपिओका घालून पाहिला. टॅपिओका म्हणजे आपला एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याचंच पीठ. प्रतिपिंडं वाढली! हे साल १९२५. लशीत असं जे मदतनीस द्रव्य घालतात, त्याला ॲड्जुव्हंट म्हणतात.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरली. दाढी झाल्यावर आजोबा गालावर फिरवतात ती तुरटी. तिच्यामुळे विषाचा साका खाली बसतो आणि तो साका टोचला की प्रतिसाद जोरदार येतो. आज जवळजवळ शंभर वर्षं झाली तरी ॲल्युमिनियमचे क्षार लशींमध्ये आहेतच. बाळांना देतात त्या पेंटाव्हॅलंटमध्ये आहेत, कावीळ बी च्या लशीत आहेत, कोव्हॅक्सिनमध्येही होते.

ग्लेनींना वाटायचं, तुरटीमुळे माल एका जागी साठून राहतो आणि हळूहळू झिरपतो, म्हणून काम होतं. कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. २०१२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी उंदरांवर सरळ पाहून घेतलं. तुरटीवाली लस टोचली आणि दोन तासांनी टोचलेली जागाच काढून टाकली. प्रतिसाद तेवढाच आला! म्हणजे तुरटीचं गुपित साठवणीत नव्हतं. ती बहुधा शरीराला धोक्याची घंटा देते आणि कामाला लावते. त्याची खूण म्हणजे दुखणारा दंड.

मग खरोखरच माल हळूहळू दिला तर काय होईल? याचं उत्तर मला फार आवडतं. आपल्या काखेत, मानेत, जांघेत ज्या लसिका ग्रंथी असतात, त्यांच्यात लस मिळाल्यावर एक तालीम भरते. तिथे बी पेशी नावाचे पैलवान येतात. प्रत्येकाच्या हातातला डाव थोडा वेगळा. ज्याचा डाव जंतूच्या तुकड्याला घट्ट धरतो तो टिकतो, त्याची पिल्लावळ वाढते, तिच्यात पुन्हा थोडे बदल होतात, पुन्हा कुस्ती. ही तालीम कित्येक आठवडे चालते. आणि आपण काय करतो? प्रतिस्पर्धी एकदाच आखाड्यात सोडतो, तो थोड्याच दिवसांत गायब होतो आणि पैलवान एकमेकांकडे बघत बसतात. खरा आजार असा वागत नाही. विषाणू आज थोडा, उद्या दुप्पट, परवा आणखी असा वाढत जातो. अमेरिकेत एमआयटीमध्ये डॅरेल आयर्विन यांच्या गटाने २०१६ मध्ये हेच करून पाहिलं. उंदरांना तेवढाच डोस, पण दोनेक आठवड्यांत वाटून, दर वेळी वाढवत दिला. प्रतिपिंडं एकदम दिलेल्या डोसापेक्षा दहापटीहून जास्त.

पण माणसाला दोन आठवड्यांत सात-आठ इंजेक्शनं कोण देणार आणि कोण घेणार? आपल्या सोसायटीत बूस्टरच्या एका डोसासाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर किती विनवण्या कराव्या लागल्या, ते सचिवांना विचारा. तेव्हा एकदाच टोचायचं आणि आत बसून हळूहळू देत राहील असं काहीतरी हवं. इथे जेल येतं.

(येथे वक्त्यांनी आणलेली जेलची छोटी बाटली श्रोत्यांमध्ये फिरवण्यात आली.)

ती बाटली उलटी करून पाहा. काही सांडत नाही ना? आमच्या प्रयोगशाळेतली पहिली परीक्षा हीच : बाटली उलटी करायची, खाली आलं तर अजून पाणीच, नाही आलं तर जेल. यात लस वगैरे काही नाही, घाबरू नका. मुलांनो, झाकण मात्र उघडायचं नाही. या बाटलीत शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणी आहे. उरलेला एक भाग पेप्टाइड. त्या एका भागाने नव्व्याण्णव भाग पाणी धरून ठेवलंय.

घरात याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दही. दुधात प्रथिनं सुटी-सुटी तरंगत असतात. विरजण लावलं, दूध आंबट होत गेलं, की ती एकमेकांना धरतात, जाळं होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. कुणी जुळवत नाही, परिस्थिती बदलली की आपोआप जुळतं. आमचं पेप्टाइडही तसंच. बाटलीत पातळ असतं. शरीरातल्यासारखं मीठ मिळालं, आम्लता बदलली, की घट्ट होतं. फरक एवढाच, की दही एकदा मोडलं की पुन्हा पहिल्यासारखं लागत नाही. हे जेल सुईतून दाबलं की पातळ होऊन बाहेर येतं आणि आत गेल्यावर पुन्हा सावरून बसतं.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. मणी वीस प्रकारचे. मोठी माळ झाली की तिला प्रथिन म्हणतात, छोटी असेल तर पेप्टाइड. आता समजा एक मणी पाण्याला घाबरणारा, पुढचा पाण्यावर प्रेम करणारा, असे आलटून-पालटून ओवले. माळ ताणली की एका बाजूला सगळे पाण्याला घाबरणारे येतात, दुसऱ्या बाजूला सगळे पाणीवाले. पाण्यात सोडल्यावर घाबरणाऱ्या बाजू एकमेकींना चिकटतात, तोंड लपवायला. पाणीवाल्या बाजूला एक मणी धन भाराचा, एक ऋण भाराचा असे ठेवले, की शेजारच्या माळा जागा बरोबर पकडतात. अशा हजारो माळा शेजारी-शेजारी लागून एक धागा होतो. जाडी साधारण दहा नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. धाग्यांचं जाळं म्हणजे जेल.

ही युक्ती माणसाने आधी ठरवून केली नाही. शुगुआंग झांग हे शास्त्रज्ञ एमआयटीमध्ये यीस्टच्या एका प्रथिनावर काम करत होते. त्यात आलटून-पालटून मण्यांचा एक सोळा मण्यांचा तुकडा सापडला. तो पेशींच्या बशीत, खारट द्रवात टाकला तर तिथे पारदर्शक पापुद्रा जमला. १९९३ मध्ये त्यांनी ते छापलं. त्याच घराण्यातलं पुढचं पेप्टाइड, आर्जिनिन-ॲलानिन-ॲस्पार्टिक आम्ल-ॲलानिन असं चार वेळा ओवलेलं, आज शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला माणसांत वापरतात. म्हणजे असं जेल माणसाच्या शरीरात गेलेलंच नाही, असं नाही. लस म्हणून मात्र गेलेलं नाही, ते पुढे सांगते.

लशीकडे ही वाट वळली २०१० मध्ये. शिकागोत जोएल कोलियर यांच्या गटाकडे अकरा मण्यांचं एक पेप्टाइड होतं, नाव क्यू ११. जय रुद्र आणि सहकाऱ्यांनी त्याच्या टोकाला अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाचा सतरा मण्यांचा तुकडा जोडला. धागे जमले आणि प्रत्येक धाग्याच्या अंगावर तो तुकडा शेकडो ठिकाणी बाहेर डोकावू लागला. उंदरांना टोचलं. नुसता तुकडा दिला तर काहीच नाही. तुकडा आणि धागे नुसते मिसळून दिले, तरीही नाही. जोडून दिलं, तर जोरदार प्रतिपिंडं, कुठलंही वेगळं मदतनीस द्रव्य न घालता! फ्रॉइंडचं म्हणून एक अतिशय तिखट मदतनीस द्रव्य आहे, तेलात मेलेले क्षयाचे जंतू घालून केलेलं. ते माणसाला देत नाहीत, कारण जखमा होतात. या धाग्यांनी त्याच्या तोडीची प्रतिपिंडं दिली. आणि पुढच्या प्रयोगांत दिसलं, की टोचलेल्या जागी सूजही फारशी येत नाही.

रामोंच्या घोड्यांपासून आपण धरून चाललो होतो, की दुखल्याशिवाय लस लागत नाही. काही आजी अजूनही म्हणतात, "ताप आला म्हणजे लागली." हे धागे सांगतात, तसंच असायला हवं असं नाही. ओळ करून उभं राहणं हीच एक सूचना असते. विषाणूच्या अंगावरही एकच तुकडा असाच पुन्हा पुन्हा, ओळीने असतो. बी पेशीचे हात एकाच वेळी अनेक ठिकाणी अडकले, की ती जागी होते.

दोन वर्षांनी याच गटाने मलेरियाच्या परजीवीवरचा तुकडा जोडला. चार मण्यांचा एक नमुना त्या परजीवीच्या कवचावर सारखा येतो, तो. उंदरांत प्रतिपिंडं ४० आठवड्यांपर्यंत टिकली. तोच चार मण्यांचा नमुना आज जगात मान्य झालेल्या दोन्ही मलेरिया लशींमध्ये आहे आणि त्यातली एक, आर २१, आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिची शिफारस केली. त्या लशीत मात्र पेप्टाइडचे धागे नाहीत. तिचं मदतनीस द्रव्य चिलीमधल्या एका झाडाच्या सालीपासून येतं, आपल्या रिठ्यासारखा फेस येणारी साल. म्हणजे साबुदाण्यानंतर आता रिठ्याचा भाऊबंद. असो.

आता आमचं रोजचं काम, म्हणजे डिझाइन. ते स्वयंपाकासारखं आहे, फक्त चव उंदीर सांगतो आणि तीही दीड महिन्याने. मणी थोडे बदलले की धागा ताठ होतो किंवा लवचीक. जाळी घट्ट केली की माल हळू सुटतो, सैल केली की भसकन. अख्खं प्रथिन द्यायचं असेल तर ते जाळीत नुसतं अडकवून ठेवता येतं, छोटा तुकडा असेल तर धाग्याला जोडता येतो. धाग्याच्या बाहेरचा भार ऋण ठेवला तर पेशी तो उचलतच नाहीत आणि लस फुकट जाते, हे कोलियर यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं. दोन-तीन मण्यांचा फरक, पण लस आणि पाणी यांतला फरक तेवढाच. बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींसाठीही एक तुकडा धाग्यात मिसळावा लागतो आणि त्याचं प्रमाण मिठासारखं आहे. कमी घातलं तर जमत नाही, आणि जास्त घातलं म्हणून जास्त चांगलं होत नाही.

या सगळ्यात मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट थंडीची आहे. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, कारखान्यापासून पाड्यावरच्या बाळाच्या मांडीपर्यंत. उष्णता लागली तर बिघडतात आणि तुरटीवाल्या लशी गोठल्या तरी बिघडतात. परिचारिका बाटली हलवून पाहतात, गोठून गेलेली असेल तर साका लवकर खाली बसतो. लोडशेडिंगच्या दिवसांत सी विंगमधल्या काकांचं इन्सुलिन ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांच्याकडे फिरायचं, ते मोठ्यांना आठवत असेल. तसंच देशभर, रोज. क्यू ११ च्या धाग्यांवर क्षयाच्या जंतूचा तुकडा जोडून, ते वाळवून, ४५ अंशांत सहा महिने ठेवले आणि मग उंदरांना टोचले. परिणाम कमी झाला नाही. तोच तुकडा नेहमीच्या पद्धतीने मोठ्या प्रथिनाला जोडून तुरटीबरोबर दिला, तेव्हा उष्णतेने त्याचा प्रतिसाद घटला. ४५ अंश म्हणजे मे महिन्यातलं चंद्रपूर!

आणि इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर सांगते. उष्णतेने इन्सुलिन बिघडतं तेव्हा त्याचेही असेच धागे जमतात. इन्सुलिनही पेप्टाइडच आहे, थोडी मोठी माळ. तिथे आपोआप जुळणं हा शत्रू, इथे मित्र.

पण म्हणूनच सावध राहावं लागतं. अल्झायमरमध्ये मेंदूत ज्या गाठी सापडतात, त्यांतले धागेही रचनेने याच जातीचे. प्रत्येक धागा विषारी नसतो, पण "नसतो" हे माणसांच्या बाबतीत वर्षानुवर्षं तपासूनच म्हणता येतं. दुसरी अडचण उंदरांची. प्रयोगशाळेतले उंदीर एकाच वंशाचे, जवळजवळ जुळे भाऊ. छोटा तुकडा टी पेशीला दाखवायला शरीरात एक प्रकारचं ताट लागतं आणि ते ताट माणसागणिक वेगळं. आपल्या एका विंगमध्येच इतकी वेगवेगळी ताटं असतील, की एका उंदराच्या ताटात बसलेला तुकडा शेजारच्या ताटातून घसरून पडेल. तिसरी अडचण पैशाची. माळ ओवण्याची पद्धत ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ मध्ये काढली, त्यासाठी त्यांना नोबेलही मिळालं. पण सोळा मणी ओवायचे म्हणजे पंधरा जोड. प्रत्येक जोड ९९ टक्के बरोबर बसला, तरी शेवटी शंभरातल्या ८६ माळाच पूर्ण निघतात. उरलेल्या चौदा चुकीच्या माळा वेगळ्या काढण्यातच बरेचसे पैसे जातात.

आणि सर्वांत सरळ गोष्ट : अशा जेलची एकही लस आज बाजारात नाही. मी आत्तापर्यंत सांगितलेली सगळी प्रतिपिंडं उंदरांच्या रक्तातली आहेत. वर्तमानपत्रात "एका टोच्यात आयुष्यभर संरक्षण" असा मथळा दिसला, तर आतली बातमी वाचताना "उंदीर" हा शब्द शोधा.

आता काही प्रश्न.

"हे आपल्याकडे कधी येणार?" हा पहिला प्रश्न असणार हे माहीत होतं. तारीख मी देणार नाही. रक्त थांबवणारं जेल माणसांत पोचलंय, म्हणजे बनवणं, निर्जंतुक ठेवणं, परवानगी मिळवणं हा रस्ता पूर्ण बंद नाही. पण लस निरोगी माणसाला देतात, निरोगी बाळाला देतात. तिथे तपासणी जास्त कडक असते आणि असायलाच हवी.

"सुईशिवाय देता येईल का?" हा मागच्या रांगेतून आला, मुलांकडून. प्रयत्न चालू आहेत. मूत्रमार्गाच्या संसर्गाविरुद्ध जिभेखाली द्यायची अशा धाग्यांची लस २०२२ मध्ये उंदरांत यशस्वी झाली. लाळेतला चिकट थर धागे अडवतो, म्हणून त्यांना निसरडं आवरण द्यावं लागलं. तोपर्यंत सुईच, सॉरी.

शेवटचा प्रश्न ए विंगमधल्या आजींचा, "मग मला दर वर्षीची फ्लूची लस घ्यावी लागणार नाही का?" आजी, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लशी पुन्हा घ्याव्या लागतात, कारण शरीराची आठवण पुसट होते. तिथे असं जेल उद्या उपयोगी पडू शकेल आणि उतारवयात आठवण लवकर पुसट होते, म्हणून तुमच्यासाठी जास्तच. फ्लूचं नुसतं तसं नाही. तिथे विषाणूच दर वर्षी कपडे बदलतो. मागच्या वर्षीची आठवण कितीही पक्की असली तरी हा नवा पाहुणा नीट ओळखू येईलच असं नाही. त्यामुळे ती लस दर वर्षीच घ्यायची, डॉक्टरांना विचारून. आणि दंड दुखला तर दुखू दे, एक-दोन दिवसांत थांबतो.

साडेआठ झाले. बाटली कुणाकडे आहे?